११.४० ची नोंद

नाव: माथ्यावर लिहिले आहे. वय ५२ वर्षे. धंदा: नोकरी, भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक. राहणार: कॉलेजच्या मागे, कर्मचारी वसाहत, खोली नंबर ४.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी एकोणीस वर्षे मयत सरांच्या हाताखाली आहे. सर अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एकेक कण दोन फटींतून सोडत. पलीकडे किती कण कुठे पडतात ते यंत्र मोजते व आकडा बाहेर माझ्या पडद्यावर येतो. डोळ्यात तेल घालून त्या पडद्यासमोर बसणे हे माझे काम. उजेड शिरला तर दिवसाची मेहनत पाण्यात जाते, म्हणून मध्येच दार उघडायचे नाही, हा नियम सरांचाच. दार जाड आहे, आवाज येत नाही. आत मोबाइलला रेंज नाही.

काल सकाळी दहाला सर आत गेले. ११.४० ला आकडा तीनशेवरून एकदम पन्नास हजारांवर गेला व दोन मिनिटांनी उतरला. मला हसू आले. आम्हाला दम भरणारे सर आज स्वतःच बत्ती लावून बसले, असे वाटले. मी वहीत लिहिले, '११.४० ते ११.४२, बाहेरचा उजेड, आकडे बाद.' खालची सही माझीच आहे.

१२.१५ ला सरांच्या पत्नीचा फोन आला.

"बरे आहेत ना हे? सकाळी छातीत जड वाटतंय म्हणत होते."

"बरे आहेत, वहिनी. कामात आहेत," मी म्हणालो. मी त्यांना पाहिले नव्हते.

चारला दार उघडले. सर टेबल आणि भिंतीच्या मध्ये पडलेले होते, हातात मोबाइल. त्यावरून ११.४० ला माझा नंबर लावला होता व तो लागला नाही, हे आपण मला दाखवले. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर ते तासभर तरी जिवंत असावेत.

कोणीच पाहिले नाही का, असे विचारल्यावरून सांगतो. सर दरवर्षी नव्या मुलांना सांगायचे, "अरे, बघणं म्हणजे कुणाचे डोळे नव्हेत. कण कुठून गेला याची खूण कुठेही राहिली, की झालं बघून. मग ती कुणी वाचो, न वाचो." खूण राहिली होती, त्या मोबाइलच्या उजेडाची. मी ती वाचलीसुद्धा.

वहिनींना बरे आहेत असे मी न पाहताच सांगितले. मला त्याची लाज वाटते, हेही लिहावे.

वही जमा केली आहे. त्यातले 'आकडे बाद' हे शब्द खोडू द्यावेत, अशी मी विनंती केली. पुराव्याला आता हात लावता येत नाही, असे आपण सांगितले.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. त्यात बाद करण्यासारखे काही नाही.