इंजिनची सायकल अन् पारासमोरची दोनशे पावलं

मी जन्मलो ते दर्यापूरपासून नऊ मैलावरच्या एका गावात. गावाचं नाव लिहू नका भाऊ, अजून तथीच रायतो मी. बाकीचं सारं लिहा. माहं नाव सुखदेव, गावात सुक्या. आमची वस्ती खाली नाल्याच्या काठाले, सडक वर, अन् मधात गाव. सडकेवर जायचं म्हनलं की गावातूनच जा लागे, अन् गावातून म्हनलं की पारासमोरून. पार म्हंजे लिंबाभोवती बांधलेला दगडी ओटा, मांगं चावडी, बाजूले पाटलाचा दरवाजा. तथी कोनी ना कोनी बसलेलं रायेच. माहा बाप तिथून जाये तं पायातल्या वाहना हातात घे. मी लहान होतो, मले वाटे झिजू नये म्हून घेत असन. मंग मोठा झालो, जुनी सायकल मिळाली, तवा समजलं. विहिरीपासून मारुतीच्या देवळालोक खाली उतराचं, सायकल हातात धरून चालाचं, अन् देवळाच्या पुढं गेलं की मंग बसाचं. दोनशे पावलं. कोनी सांगतलं नव्हतं, कुठं लिहून नव्हतं, विहीर आली की पाय आपोआप खाली येत. मोजली कशी म्हनान तुमी, तं भेलेला मानूस मोजत रायतो.

दर्यापूरच्या एका जिनात मी तेलवाला होतो. जिनात कापसातली सरकी काढनारे रेचे असतात, ते सारे एका लांब शाफ्टवर फिरतात. दुसरा भोंगा झाला की शाफ्ट सुरू होते, त्याच्या आंधी साऱ्या बेरिंगीत तेल गेलं पायजे. एक बेरिंग कोरडी रायली तं ते तापते, अन् भोवताल कापसाचे तंतू हवेत उडून रायले, एक ठिनगी पुरे. म्हून तेलवाल्यानं उशीर केला तं चालतच नाई. मले दोन भेव होते पाहा, इकडं पाराचं अन् तिकडं आगीचं, अन् दोघायच्या मधात नऊ मैल सडक.

छप्पन साली आमी धम्म घेतला. मेलेली ढोरं ओढनं सोडलं. वस्तीत बैठक झाली, अन् ठराव झाला की आजपासून पारासमोर कोनी सायकलवरून उतराचं नाई. साऱ्यायनं हात वर केले, मीबी केला. घरी आलो अन् मंग ध्यानात आलं, वस्तीत सायकली तीन, त्यातल्या एकीले चाक नाई, दुसरी ज्याची तो अमरावतीले नोकरीले गेलेला. ठराव साऱ्यायचा अन् सायकल माही एकट्याची.

काय सांगू तुमाले, खोटं नाई बोलत, मी पारावरून जायचंच सोडलं. नाल्यातून, वावरातून, धुऱ्या-बांधानं सायकल ढकलत सडकेले लागो. कोनी इचारलं तं म्हनो, इकडून जवळ पडते. जवळ कायचं, दोन मैलाचा फेरा, अन् काळी माती अशी की चाकाले अर्धं वावर चिकटून ये. बसत नव्हतो म्हून उतरत नव्हतो, असा मी ठराव पाळला. वस्तीतले समजले असतीन, पन बोललं कोनी नाई, तेच जास्त लागे.

मंग उशीर होऊ लागला. एक दिवस मी पोचलो तं भोंगा होऊन गेलेला, शाफ्ट फिरून रायली, अन् टोकाच्या बेरिंगीतून धूर. जिनातल्या रहीम मिस्त्रीनं पट्टा काढून वाचवलं. मालकापर्यंत गेलं ते. पुढच्या वेळी उशीर झाला तं येऊच नको म्हने. रहीम मिस्त्री मोठा दिलदार मानूस. जिनाच्या अडगळीत एक लहानसं इंजिन पडलेलं होतं, कोन्या साहेबानं सायकलले लावाले आनलेलं अन् बिघडलं म्हून फेकलेलं. त्यानं ते उघडलं, धुतलं, अन् माह्या सायकलच्या मांगच्या चाकावर बसवलं. ते असं रायते भाऊ, इंजिनाले एक लोखंडी रोला, सीटमांगचा दांडा खाली केला की रोला टायरवर टेकते अन् चाकाले ढकलते. पहिले पायडल मारून वेग घ्याचा, मंग दांडा टाकाचा, मंग ते फटफट सुरू होते. थांबलं की बंद. उतरलं की बंद. हे नीट ध्यानात ठेवा, साऱ्या गोष्टीचं मूळ हेच हाये.

पन त्या इंजिनाले पळच नव्हती. सडकेवर मैलाचे दगड, मिस्त्रीचं घड्याळ मांगून घेतलं, एका दगडापासून दुसऱ्या दगडालोक चार मिनिटं. नाल्याचा फेरा भरून निघत नव्हता. मी मिस्त्रीच्या मांगं लागलो. धुराड्यातली काजळी खरवडली, पेट्रोलात तेल जास्त पडत होतं ते कमी केलं, टायरात टनटनीत हवा भरली, साडेतीनवर आलं. एक क्षन जोरात पळते, मंग थकते, तसा वेग काय कामाचा, मले पायजे होता नऊ मैल एकसारखा धरून ठेवलेला. मिस्त्री म्हने, अबे सुखदेव, रोला मोठा कर, एका फेऱ्यात चाक जास्त फिरन. मंग कामानंतर खरादावर मीच रोला कातला, पहिल्यापेक्षा बोटभर जाड. मिस्त्री हसे, म्हने, सडकेवर भागेगा, पन चढावर रडन हां, सांगून ठेवतो. मी ऐकलं अन् सोडून देल्लं, वेगाच्या नादात ऐकते कोन.

रविवारी सडकेवर काढली. दगड ते दगड अडीच मिनिटं! डोळ्यातून पानी, बाभळी मांगं पळून रायल्या, अन् सारं अंग हलकं. अन् तवाच माह्या मनात आलं, भाऊ, की आता नाल्यातून जायचं कामच काय. या वेगानं पारासमोरून निघालो तं पारावरच्या मानसानं मान वर करालोक मी देवळाच्या पार. उतर म्हनाले कोनाले वेळच नाई भेटनार.

रात्री जेवताना तुमच्या काकूले, म्हंजे माह्या बायकोले, सांगतलं. ते भाकर थापून रायली होती. हात थांबला तिचा. म्हने, म्हंजे तुमी बसून जानार नाई, पळून जानार.

मी ताटावरून उठलो. तिले काय कळते इंजिनातलं, असं म्हनलं. पन ते आंगात रुतलं.

सोमवारी सकाळी निघालो. थंडीचे दिवस, पारावर शेकोटी, सहा-सात मानसं, पाटील मधात घोंगडं पांघरून. वस्तीतून विहिरीलोक चढ हाये, लहानसाच, पन आजवर मी तो इंजिनवर कधी चढलोच नव्हतो. पायडल मारलं, दांडा टाकला, फटफट झालं, अन् चढ लागल्याबराबर ते हापू लागलं. फट... फट... मोठा रोला, ताकद नाई. मिस्त्रीचं बोलनं तवा आठवलं. विहीर मांगं गेली. पार समोर आला. अन् बराबर लिंबाच्या समोर, पाटलाच्या समोर, इंजिन बंद.

इतकं शांत झालं की शेकोटीतली काडी तडकलेली ऐकू आली. रोला टायरवर दाबून बसलेला, सारा जोर लावला तं चाक इंच-इंच सरके. दांडा वर केला असता तं सायकल हलकी झाली असती, पन दांडा सीटच्या मांगं, हात मांगं नेला तं तोल जाईन अन् पाय खाली टेकन. पाय टेकला म्हंजे उतरलो. माह्या डोक्यात तितलंच, पाय टेकायचा नाई.

पाटील म्हने, काहून रे सुक्या, गाडी बंद पडली?

म्हनलं, हो मालक.

मालक म्हनलो मी. तोंडाची सवय. ते कापू नका लिहिताना.

मंग उतर ना, पाटील म्हने. रागानं नाई, सहज म्हने, जसं पाऊस आला तं छत्री उघड म्हनतात तसं.

आवाज फाटला माहा, पन निघाला. म्हनलं, पायडल हाये मालक. जातो हळूहळू.

अन् उभं राहून एक-एक पायडल दाबलं. मांगं इंजिन बैलावानी ओढून धरे. पायी चालनारं लेकरू पुढं निघून गेलं असतं इतका हळू. कोनी दगड मारन म्हून पाठ आखडून घेतलेली, पाठीचा एक-एक मनका मले समजून रायला होता. कोनीतरी खाकरलं. कोनीतरी हसलं, म्हने, पाहा इंजिनवाला. देऊळ काई येईना. दोनशे पावलं असतात तिथं, त्या दिवशी मी मोजली नाईत, तेवढी एकच वेळ. देऊळ गेल्यावर सडकेवर उतरलो अन् पयले ओकलो.

भोंग्याले पोचलो मी. तेल घातलं. त्या दिवशी तेल बेरिंगीपेक्षा जमिनीवर जास्त सांडलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या चक्कीवाल्यानं वस्तीच्या बायाले सांगतलं, चक्की बिघडली. गावाचं पीठ दळत होती, वस्तीचं आलं की बिघडे. कापूस वेचनीले बोलावनं बंद. तुमच्या काकूच्या हातात ज्वारी हाये अन् भाकर नाई. वस्तीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यायनं मले आयकवलं, पाय टेकला असता तं काय झिजला असता तुहा? मीबी तेच म्हनत होतो मनात. आंगनात पान वाजलं तरी मी उठून बसो.

मंग तुमची काकूच म्हने, दर्यापूरले चक्की नाई का? तुमी जाता ना रोज. तिनं आमची ज्वारी बांधली, शेजारनीची बांधली, कॅरेजवर दोन घरचं वझं झालं. आता त्या वझ्यानं मोठा रोला कायले चालते, वस्तीतच बसला. म्हून मी मोठा काढला अन् जुना बारीक रोला परत लावला. पळ नाई, पन ताकद हाये. मैलाले पाच मिनिटं लागे वझ्यासंगं. अर्धा घंटा आंधी निघाले लागलो. चढ चढे, विहीर येई, पार येई, अन् मी ज्वारी घेऊन फटफटत, बैलबंडीच्या चालीनं, बसलेला. संध्याकाळी पीठ घेऊन तसाच परत. आज या घरचं, उद्या त्या घरचं. पारावरच्यायले मले पाहाले भरपूर वेळ भेटे. पहिले आठ दिवस दरवेळी वाटलं, आज मारतीन. एकदा टायर कापलं, एकदा वाटेत काटे टाकले. मारलं नाई. कापसाची बोंडं झाडावर फुटून लोंबू लागली, वेचाले बाया पुऱ्या पडनात, तवा एक दिवस चक्की आपोआप दुरुस्त झाली. कोनी माफी मांगली नाई, अन् आमी उतरलो नाई.

आता वस्तीत सायकली पंधरा-वीस झाल्या. पोट्टे पारासमोरून घंटी वाजवत जातात, दोघं-दोघं बसून. त्यायले दोनशे पावलं ठाऊकच नाईत, बरंच हाये. पाटील वारला. माहं इंजिन अजून चालते, बारीक रोल्यावरच. मोठा रोला तो पाहा, दाराले अडकन म्हून ठेवला, हवेनं दार आपटते.

तुमी लिहासान की सुखदेव निडर होता. तसं लिहू नका. अजूनबी लिंब दिसला की माहे तळहात ओले होतात, हँडलची मूठ घसरते. भेव गेलं नाई भाऊ, मी फक्त त्याच्यासंगं बसून जाले शिकलो.

आता निघा, उजेड हाये तोवर. तुमी सायकलवरच आले ना? पारावरूनच रस्ता हाये. बसूनच जा. अन् घाई करू नका.