साठ मीटर अलीकडे

—नाही, त्या खुर्चीवर नको, पोरी, तिचा एक पाय अधू आहे, इकडे बाकावर ये, इथून खालचं सगळं दिसतं. तुझे निरीक्षक साहेब गेले दुर्बिणी घेऊन, त्यांना तासभर लागेल, आणि खाली त्यांना दुभाष्याची काही गरज नाही, सैनिक त्यांच्याशी बोलतच नाहीत. तू खा. चीज घे, अक्रोड घे, भाकरी कालची आहे पण मऊ आहे — ड्यूटीवर खायचं नसतं? मग ड्यूटी फाटकाबाहेर ठेव. नाव काय म्हणालीस, नातिया? नातिया, मी सगळं सांगतो, पण समोरची बशी रिकामी झाल्याशिवाय माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, ही आमच्या घरची खोड आहे, आणि ह्याच खोडीनं — असो, ते नंतर. लिही. पारमेन, वय एकोणऐंशी, मोजणी खातं, निवृत्त. डॉक्टरेट... ते नको लिहूस. किंवा लिही, कुणी मान दिला तर — नको, खोड ते.

ते लाल कौलांचं घर दिसतंय? त्याच्या अलीकडे सफरचंदाच्या चार ओळी, आणि ओळींच्या अलीकडे ते हिरवे खांब. पहिला सकाळी सातला रोवला, आत्तापर्यंत एकवीस झाले. ओढ्यापर्यंत अजून नऊ लागतील, एका खांबाला दहा मिनिटं धर, म्हणजे दीड तास, मग काटेरी तार. लाल कौलांचं घर माझ्या धाकट्या बहिणीचं, त्सियालाचं. विधवा आहे, एकटी आहे, घरातच आहे. कालपर्यंत ह्यांची हद्द तिच्या घरामागच्या वाळलेल्या पाटावरून जात होती. पाटापलीकडे ऑसेशिया — ते म्हणतात स्वतंत्र देश, आपण तिबिलिसीकडचे म्हणतो आपलाच तुटलेला तुकडा, आणि पहारा रशियाचा — तुला काय सांगायचं, तुझं रोजचंच काम आहे. आज हद्द घराच्या पुढं आली. बाई जागची हलली नाही, हद्दच तिला ओलांडून इकडे आली. त्या नऊ खांबांच्या मोकळ्या जागेतून ती अजूनही चालत बाहेर येऊ शकते, सैनिक अडवत नाहीत, त्यांना ती गेलेलीच हवी आहे. पण ती येत नाही. तार लागल्यावर मात्र यायचं म्हणजे त्यांच्या राजधानीतून, त्स्खिनवलीहून परवाना, आणि परवान्यासाठी त्यांचा पासपोर्ट, आणि तो घेतला की — बघ, मी पुन्हा वर्गात शिकवल्यासारखं बोलायला लागलो.

का येत नाही? जमिनीत तिचे चार रांजण आहेत दारूचे, शरदात लिंपून बंद केलेले, वसंतापर्यंत उघडायचे नाहीत — हे ती फोनवर सांगते. पण ते कारण नाही, नातिया. ती येत नाही माझ्यामुळं. सकाळपासून तीन वेळा फोन झाला, तिन्ही वेळा एकच: ‘दादा, तू आहेस ना. तू वही घेऊन ये, त्यांना दाखव, म्हणजे खांब उपटून पाटावर नेतील. तोवर मी बसते.’ आणि बसलीय. माझ्या भरवशावर बसलीय.

ही बघ ती वही. पेन्सिलीतली आहे, साल त्र्याऐंशी, माझ्याच हातची. पान चाळीस: हद्द पाटावरून, घर आपल्या बाजूला. खरी मोजणी ही. हे लिहून घे, पान चाळीस. तुमच्या त्या बैठकीत, जिथं दोन्ही बाजूचे लोक टेबलाशी बसतात, तिथं दाखवा — हो, पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे, ठाऊक आहे मला. ठाऊक आहे. तरी लिही.

मग मी स्वतः का नाही गेलो खाली? गुडघे. उतार बघ केवढा आहे. शिवाय गेल्या वर्षी गुरं शोधायला गेलेल्या माणसाला ‘सीमाभंग’ म्हणून उचलून नेलं, चार दिवस कोंडलं — पण नाही, तू अशी बघतेस तेव्हा खोटं बोलवत नाही. गुडघ्यांचं निमित्त आहे. भीतीचंही निमित्तच आहे. गेलो तर ते मला नकाशा दाखवतील. आणि नकाशावर माझी सही आहे.

थांब, हे लिहू नकोस. नुसतं ऐक. आमची मोजणी चालली होती तेव्हा त्सियालाच्या नवऱ्यानं, गायोझनं, मेजवानी घातली. मी साहेब, पण त्याच्या घरी मी बायकोचा भाऊ. बोकड कापला, पाटापलीकडचा खारितोन आला, ऑसेशियन, गायोझचा जिवलग, दोघांनी एकमेकांच्या पोरांची नावं ठेवलेली. गायोझ मेजवानीचा म्होरक्या. आमच्यात म्होरक्यानं पेला उचलून मागितलं की पाहुण्यानं रिकामा करून ‘होईल’ म्हणायचं, दुसरं उत्तरच नसतं. अकराव्या पेल्याला गायोझ म्हणाला, पारमेन, ऑसेशियाकडच्या जमिनीला पाण्याच्या दोन पाळ्या मिळतात आठवड्याला, आपल्याकडे एक, माझी झाडं सुकतायत, तुझी ती रेघ माझ्या घराच्या अलीकडे घे ना जरा. खारितोन म्हणाला, ये की आमच्याकडे, पाणी आम्ही पाजू — म्हणजे असंच काहीतरी म्हणाला, सगळे हसले. रेघ तेव्हा काय होती? एकाच देशातल्या दोन कचेऱ्यांमधली, कुणाच्या कुत्र्यालाही न अडवणारी. मी पेला रिकामा केला आणि म्हणालो, होईल. दुसऱ्या दिवशी नकाशाच्या पक्क्या पत्रकावर हद्द साठ मीटर अलीकडे घेतली, गाडीवाटेवरून. सही केली, शिक्का मारला. झाडांना दोन पाळ्या पाणी मिळालं. मोठी गोड सफरचंदं आली, खरंच सांगतो.

त्या पत्रकाच्या बारा प्रती छापल्या होत्या. पुढं देश फुटला, लढाया झाल्या, आमच्या संस्थेची इमारत जळाली. राहिली एक प्रत, माझ्या कपाटात. रशियनांकडे नव्हती, नाहीतर ते सोळा वर्षं पाटावर कशाला थांबले असते? मग आज कुठून मिळाली, असं विचारशील — विचारलं नाहीस, पण तुझा घास हातातच राहिला.

मी लेख लिहिला. दोन वर्षांपूर्वी, तिबिलिसीच्या एका लहानशा नियतकालिकात, वाचणारे चाळीस, त्यांतले तीस मेलेले. मला वाटलं, ह्या वयात देशासाठी आणखी काय करणार? दाखवून द्यावं की ह्या हद्दी दगडावर कोरलेल्या नाहीत, कुणीतरी जेवून-पिऊन काढलेल्या आहेत, त्यांच्यावर काटेरी तार उभी करणं हा मूर्खपणा आहे. उदाहरण कुठलं द्यायचं? प्रामाणिक माणसानं स्वतःचंच द्यावं. दिलं. पत्रकाचं छायाचित्र छापलं, सहीसकट. आणि शेवटी रशियनमधून सारांश. कुणी मागितला नव्हता. पण आमच्या पिढीत लेख म्हटला की शेवटी रशियनमधून सारांश, मॉस्कोत कुणी वाचेल म्हणून. पन्नास वर्षं तसंच करत आलो, हात आपोआप वळला. पाच ओळी. गावाचं नाव, पत्रकाचा क्रमांक. पेल्याबद्दल त्यात एक शब्द नाही, सारांशात तेवढी जागा नसते.

योगायोग असेल म्हणतेस? मीही म्हणतो स्वतःला. दुसऱ्या गावांत नकाशाशिवायच तार पुढं आली, इथंही आली असती. माझ्या लेखावाचून एवढं मोठं राज्य अडून बसलं होतं का? कदाचित सगळा दोष आपला म्हणणं हाही म्हाताऱ्याचा अहंकारच. असं म्हणत मी पंधरा दिवस झोपलोही. पण त्याच्या आधी त्यांचा एक अधिकारी पाटापाशी आला होता, त्सियालाला म्हणाला, पारमेन मोजणीवाले तुमचे भाऊ ना, छान लेख आहे त्यांचा. तिनं मला लगेच फोन केला. केवढी खुशीत होती. ‘दादा, तुझं नाव तिकडेही माहीत आहे. तुझं ते ऐकतील.’ आणि मी म्हणालो — नातिया, मी म्हणालो, हो, ऐकतील.

खारितोन गेल्या आठवड्यात पाटापलीकडून ओरडत होता. म्हणाला, पारमेन, पोलीस त्यांचे, पासपोर्ट त्यांचा, पोरगा त्यांच्या तळावर भांडी घासतो, आम्हाला स्वातंत्र्य मिळालं ते नेमकं कुठं ठेवलंय ते तुझ्या नकाशात बघून सांग. मी म्हटलं, माझं बरं चाललंय असं समजू नकोस, परवा माझ्या फोनवर संदेश आला, ‘रशियात आपलं स्वागत आहे’, आणि मी माझ्याच संडासात होतो. दोघं हसलो. मग पहारेकरी आला आणि तो निघून गेला. त्याला आठवतोय तो अकरावा पेला. त्यानं विषय काढला नाही. चांगला माणूस.

तेवीस झाले बघ. बोलण्याच्या नादात दोन खांब माझ्या नजरेतून सुटले.

एक काम करशील? तू फोन लाव तिला. तू सांग — तुझा आवाज सरकारी आहे, तरुण आहे — सांग की वही चालत नाही, पत्रक चालतं, बाई, तुम्ही निघा, औषधं आणि शाल घ्या आणि निघा. माझं नाव नको घेऊस. ‘आम्हाला असं कळलंय’ एवढंच. नियमात बसत नाही? तुम्ही फक्त बघायचं आणि लिहायचं. बरोबर आहे. माझंही काम तेवढंच होतं, बघायचं आणि लिहायचं.

दे, मीच लावतो. दे तो फोन.

त्सियाला? हं, मी. नाही, निघालो नाही. ऐक. मी येत नाहीय. वही आहे, माझ्या हातात आहे, पण तिचा उपयोग नाही. त्यांच्याकडे पक्कं पत्रक आहे. कुणी दिलं म्हणजे — मी. मीच छापलं. हो, तो लेख. नाही, चूक त्यांची नाही, त्सियाला, पत्रकावर घर तिकडेच आहे, गायोझनं मागितलं होतं, पाण्यासाठी, तू स्वयंपाकघरात होतीस. मी केलं. मी पंधरा दिवसांपासून जाणतो. म्हणून म्हणतो, माझी वाट बघू नकोस, मला शिव्या दे पण आत्ता बाहेर ये, सात खांब राहिलेत, रांजण राहू देत, तू ये — त्सियाला? ऐकतेस ना?

ठेवला.

‘बरं’ म्हणाली. ‘बरं, दादा.’ एवढंच.

ते बघ, खिडक्यांच्या हिरव्या झडपा लावतेय. दिसतंय का? माझे डोळे एवढ्या लांबचं धरत नाहीत, नुसतं काहीतरी हिरवं हलतंय. डावीकडची लावली. आता मधली. नातिया, तुझी नजर चांगली आहे, नीट बघ — बाहेर उभी राहून लावतेय की आतून?

बोल ना.

नको. नको सांगूस. तुझे साहेब हात करतायत खालून, गाडी चालू झाली. जा तू. जा, पोरी.