एकीचं तेल

(सोलापूरबाहेर, अक्कलकोट रस्त्याला लागून असलेली पिठाची गिरणी. सन १९७४, भोगीच्या आदल्या दिवसाची सकाळ. पंचाक्षरी इंजिनाचं हँडल मारून मारून खाली बसलाय. त्याची बायको दाक्षायणी दारात उभी आहे.)

दाक्षायणी : मारा की अजून. थांबलासा का? सेक्रेटरीसाहेबांचा हात दुखाय लागला वाटतं.

पंचाक्षरी : गप बस गं. इंजन गार पडलंय. थंडी लई हाय.

दाक्षायणी : थंडी? काल दुपारपातूर ह्याच थंडीत टुकटुक करत हुतं की. तुमच्या मंडळाची मीटिंग झाली आन् त्येला थंडी वाजाय लागली व्हय?

पंचाक्षरी : हुतंय सुरू. जरा दम खा.

दाक्षायणी : मी खाईन दम. त्ये डबं खात्यात का इचारा. बघा की रांग, उंबऱ्यापासनं पार पिंपळापातूर! समद्यात बाजरी. उद्या भोगी. बाजरीचं पीठ आधी दळून ठिवलं तर कडू पडतंय, म्हणून अख्खी वस्ती आजच्या दिसाला थांबली. आन् आजच तुमचं इंजन रुसलं.

पंचाक्षरी : संध्याकाळपातूर दळून देतो म्हणलं न्हवं?

दाक्षायणी : कशानं? तोंडानं? ऐका माजं. एका बाईनं जरी रांगेतला डबा उचलला, तर तिच्या मागनं समद्या उचलत्यात. जात्यात कुटं? नाक्यावरच्या त्या नव्या करंटच्या गिरणीत. आन् डबा एकदा तितं गेला की परत हितं येत न्हाय. लगीन होऊन आले तवापासनं मी ह्या पट्ट्यापाशी बसलेय. माजं बोलणं, हसणं, रडणं समदं ह्या बायकांसंगट. त्या गेल्या तर मी भिंतीसंगट बोलू का तुमच्या त्या करंजाच्या तेलाच्या डब्यासंगट?

पंचाक्षरी : आलं की ध्यानात. सर येऊ देत. सरांना ठावं असंल काय झालंय त्ये.

दाक्षायणी : आलंच बघा, नाव घ्यायची खोटी. सायकल लावत्यात पिंपळाला. या सर, या! अध्यक्ष आलं!

हत्तुरे सर : नमस्कार वहिनी. अध्यक्ष मी नाही, भजीवाले गुरप्पा. मी उपाध्यक्ष. काय पंचाक्षरी, शांतता कशी? मी शाळेला सुट्टी म्हणून मुद्दाम आलो, आपल्या इंधनावर गिरणी चाललेली ऐकायला.

दाक्षायणी : ऐका की. येतोय का आवाज? बरं, अध्यक्ष गुरप्पा, उपाध्यक्ष तुमी, सेक्रेटरी हे आमचं. आन् ईरप्पा?

हत्तुरे सर : ते खजिनदार.

दाक्षायणी : मग मंडळात साधा माणूस कोण हाय?

पंचाक्षरी : साधा माणूस अजून गावला न्हाय.

दाक्षायणी : अय्यो शिवा! आन् नाव काय म्हणलासा मंडळाचं?

हत्तुरे सर : स्वदेशी इंधन प्रयोगी मंडळ. वहिनी, तुम्ही हसता, पण विषय गंभीर आहे. तिकडे अरबांनी तेलाचा नळ आवळलाय. इथे पंपावर लोक पिंप घेऊन उन्हात उभे. त्या रांगेतच पंचाक्षरींनी आम्हा सगळ्यांना हेरलं. एकेकटे घरी प्रयोग करत होतो, कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. त्यांनी आम्हाला एकत्र आणलं. केवढी मोठी गोष्ट!

दाक्षायणी : आणलं, त्ये बरं झालं. मी काल सोलापुरात तीळ आणाया गेले तर तुमी चौघांनी हितं बसून काय केलासा? खरं सांगा.

पंचाक्षरी : भांडण लागलं गं. कुणाचं तेल खरं, ह्याच्यावरनं. गुरप्पा म्हणतोय माजं, ईरप्पा म्हणतोय माजं, सर तर फळ्यावर लिवल्यागत भिंतीवर कोळशानं काय काय लिवाय लागले. मंडळ पयल्याच दिशी मोडतंय का काय, असं झालं. तवा मी म्हणलं, मठात दासोहाला आपुन काय करताव? ज्येनं त्येनं घरनं आणायचं. कुणी डाळ, कुणी जोंधळा, कुणी नुसती भाजी. समदं एका हंड्यात. कुणाचं किती, कुणाचं कसलं, इचारायचं न्हाय. शिवाचं म्हणायचं आन् खायचं. तसंच तेलाचं करू. समद्यांचं एका घागरीत. एकीचं तेल!

हत्तुरे सर : काय सुंदर बोलले हो! गुरप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दाक्षायणी : आन् त्यो परसाद माज्या इंजनाला चारलासा.

पंचाक्षरी : टाकी भरली. ईरप्पानं नारळ फोडला. उदबत्ती लावली.

दाक्षायणी : बराबर हाय. मयताला लावत्यातच की उदबत्ती. आता सांगा, घागरीत कुणी काय वतलं? ईरप्पापासनं चला.

पंचाक्षरी : ईरप्पाचं एरंडाचं तेल. शेतातलं हाय त्येच्या.

दाक्षायणी : एरंडेल! पोट साफ करायला इंजनाचं. फुडं?

पंचाक्षरी : गुरप्पाचं भज्याच्या कढईतलं. तळून उरलेलं.

दाक्षायणी : त्यात बेसनाचा चुरा, मिरचीचं देठ, आन् कढई धुताना मारलेलं पाणी. मी बघितलीया त्येची कढई. सर, तुमचं?

हत्तुरे सर : माझं शास्त्रीय होतं. करडईचं तेल, त्यात स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा. तेलाचा जाडपणा जातो, वर पातळ इंधन येतं, खाली गाळ बसतो. मात्र त्यात पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही. पाणी लागलं की त्याचं...

दाक्षायणी : काय हुतंय त्येचं? बोला की. थांबलासा का?

हत्तुरे सर : पंचाक्षरी, तो टाकीखालचा पाइप जरा सोडता का?

पंचाक्षरी : सोडतो की. पाना द्या हिकडं. हं... अगं बया! ह्ये काय? लोण्यागत पांढरं काय आलं ह्ये?

दाक्षायणी : बघू. द्या हिकडं माज्या हातावर. त्या घमेल्यातलं पाणी वता जरा. अय्यो! फेस येतोय की वं! बघा सर, फेस बघा. साबण केलासा तुमी!

हत्तुरे सर : पाणी लागलं. गुरप्पांच्या कढईतलं पाणी. मी त्यांना विचारणारच होतो, पण दासोहात विचारायचं नाही असं ठरलं होतं.

दाक्षायणी : उद्या सिद्धेश्वराच्या समद्या लिंगांना यण्णीमज्जन हाय. तेलाची आंघोळ. तुमी एक दिस आधीच माज्या इंजनाला घातलासा, आन् वर साबण बी लावलासा. आता पाट मांडा, टॉवेल द्या आन् टिकली लावा त्येला.

पंचाक्षरी : आता हसू नगंस गं. सर, निघंल न्हवं ह्ये?

हत्तुरे सर : निघेल. पंप, नोझल, सगळं खोलून रॉकेलने धुवायचं. फिटरचं काम आहे ते. आपण हात घातला तर...

दाक्षायणी : नगं! साकु! तुमी हात घातलेलं बास झालं. फिटर तर नंदीध्वज उचलाय गेलाय. जत्रा संपल्याबिगर त्यो काय हिकडं फिरकत न्हाय. सर, एक इचारू का? राग मानू नगासा. तुमच्या त्या शास्त्राच्या तेलावर कुठलं इंजन चालतंय तुमचं?

हत्तुरे सर : इंजिन... तसं माझ्याकडे नाही.

दाक्षायणी : मग?

हत्तुरे सर : स्टोव्हवर पेटवून बघितलं. छान निळी ज्योत आली.

दाक्षायणी : गुरप्पाकडं?

हत्तुरे सर : त्यांचा हातगाडा आहे. ते ढकलतात.

दाक्षायणी : ईरप्पाकडं मोट हाय. बैल वढत्यात. त्येंना एरंडेल पाजू नका म्हणावं. म्हणजे समद्या मंडळात इंजन किती? तर एक. आन् त्ये कुणाचं? माजं. वा रं प्रयोगी मंडळ! प्रयोग तुमचा आन् मरणार मी.

पंचाक्षरी : दाक्षा, ती बघ कोण आली.

दाक्षायणी : निंगव्वा! काय गं? ... न्हाय, न्हाय, डबा उचलू नगंस. ... अगं इंजनाचं काय घिऊन बसलीस, माणूस असून त्येला जुलाब लागत्यात, त्ये तर लोखंड हाय. ... नाक्यावर कशाला जातीस ऊन करून? तितल्या चक्कीत आधी मिरची दळत्यात, पोरांचं डोळं जात्याल भाकरी खाताना. ... मी सांगते न्हवं? दिवस मावळायच्या आत तुजी बाजरी तुज्या दारात. माजा शब्द हाय. ... ठिव. तितंच ठिव, हाय त्या नंबरावर. आन् ऐक, तुजं जातं हाय का गं अजून? ... व्हय, दगडी. ... फेकू नगंस, दे पाठवून. खुंट्यासकट.

पंचाक्षरी : जातं कशाला?

दाक्षायणी : माजं माळ्यावर हाय, त्ये खाली काढा. आन् रस्त्यावरनं कोण बी जात असंल त्येच्याकडं निरोप धाडा, अध्यक्ष आन् खजिनदार दोघांना बोलवा. म्हणावं तातडीची मीटिंग हाय.

पंचाक्षरी : अगं, पुरुषमाणसं जात्यावर बसली तर अख्खी वस्ती हसंल!

दाक्षायणी : हसू द्या. हसायला आली तरी बाई हितंच येईल की. नाक्यावर तर न्हाय जाणार.

हत्तुरे सर : वहिनी, मला वाटतं मी जरा घरी...

दाक्षायणी : बसा सर. शाळंला सुट्टी हाय, आताच म्हणलासा. ह्येंनी जातं मांडलं बघा, बाजू धरा ती. दोघं समोरासमोर, एका खुंट्याला दोघांचे हात. ह्येला म्हणत्यात एकी. मी दाण्याचा घास टाकते, तुमी वढा.

हत्तुरे सर : हा खुंटा सैल वाटतो.

दाक्षायणी : खुंटा घट्ट हाय, हात सैल हाय तुमचा. वढा. हां. अस्सं. दाणं बाहेर उडवू नगासा, गोजाबाईची बाजरी हाय ती, एकेक दाणा मोजून आणती.

हत्तुरे सर : पंचाक्षरी, आता आपण इथे दोघंच आहोत, म्हणजे वहिनी सोडून. खरं सांगा. तुमच्या बाटलीत काय होतं? मीटिंगमध्ये तुम्ही सांगितलंच नाही.

पंचाक्षरी : सांगण्यासारखं काय न्हाय, सर. करंजाचं तेल. उन्हात तापवायचं, हिच्या जुन्या लुगड्याचं फडकं दुहेरी करून गाळायचं. निम्मं तेल, निम्मं डिझेल. सुरू करताना नुसतं डिझेल, गरम झालं की आपलं सोडायचं. बंद करायच्या आधी परत डिझेल, म्हणजे आत चिकटून राहत न्हाय.

हत्तुरे सर : बस? एवढंच? आणि चालतं?

पंचाक्षरी : दसऱ्यापासनं गिरणी त्याच्यावरच चालली की. एक दिस बंद न्हाय.

हत्तुरे सर : अहो, मग मंडळ कशाला काढलंत? आमच्यापैकी कुणाचंच धड काही चालत नव्हतं. तुमचं चालत होतं. तुम्हाला आमची काय गरज होती?

पंचाक्षरी : वढा सर. हात थांबला तुमचा.

दाक्षायणी : सांगा की. मला बी ऐकायचंय.

पंचाक्षरी : काय सांगू? कुणीतरी बघाया पायजे हुतं. मी पहाटंला उठून तेल गाळतोय, हात काळं करतोय, आन् इंजन पयल्यांदा त्याच्यावर चाललं तवा मला वाटलं, आता कुणीतरी म्हणंल, पंचाक्षरी, शाब्बास. कोण म्हणतंय? बायका डबं घिऊन गेल्या. ही तर एक शब्द बोलली न्हाय. पंपाच्या रांगेत ईरप्पाला सांगितलं, तर त्यो म्हणला, वा! तेवढ्यावर मी त्येला घरी च्याला आणलं. मग गुरप्पा आला, मग तुमी. चौघं झालो. मंडळ झालं.

दाक्षायणी : मी बोलले न्हाय?

पंचाक्षरी : न्हाय बोललीस. दसऱ्यापासनं एकदा बी न्हाय.

दाक्षायणी : अवो, बिघडलं असतं तर बोलले असते की! माजं तोंड कदी गप बसलंय का? तेल चालत हुतं म्हणूनच बोलले न्हाय.

पंचाक्षरी : त्ये मला कसं कळायचं?

दाक्षायणी : आन् मी रोज भाकरी घालते ताटात. कदी म्हणलासा, बरी झाली म्हणून?

पंचाक्षरी : न्हाय.

हत्तुरे सर : खरं म्हणजे या विषयावर आपण एखादं मंडळ...

दाक्षायणी : सर, वढा.

हत्तुरे सर : ओढतोय, ओढतोय.

दाक्षायणी : त्ये बघा, आलं अध्यक्ष, मागनं खजिनदार. या गुरप्पा, या! पायताण तितं काढा. त्ये निंगव्वाचं जातं तुमच्यासाठी मांडलंय. ईरप्पा, तुमी समोर बसा. इचारायचं काय न्हाय, दासोह हाय ह्यो. ... आन् ए निंगव्वा, ए गोजाबाई, दारात उभं राहून काय हसताय गं? आत येऊन हसा की, जागा हाय.

पंचाक्षरी : दाक्षा, ह्यो डबा झाला बघ. चिमटीत घिऊन बघ जरा. जाडं झालं असंल.

दाक्षायणी : बघू... बरं हाय.

पंचाक्षरी : काय म्हणलीस?

दाक्षायणी : काय न्हाय. फुडचा डबा वढा हिकडं.