कोणाची जोडी हाकलली म्या

माहा जन्म मोताळ्याकडच्या एका खेड्यातला, बाप कास्तकार, पण कास्तकारीपेक्षा शंकरपटाचा नाद त्याले जास्त. पट तुम्ही पाह्यला नसंल. दोन जोड्या बाजूबाजूनं, हलक्या छकड्याले जुंपेल, वर एकेक धुरकरी उभा, अन् सुटले की मंग कोणाच्या बापाचं ऐकत नाही. लोकाईले वाटते बैल मारानं पळते. मारानं नाही पळत बाप्पा, धुरकऱ्याच्या हाळीनं पळते. आमच्या बापाची हाळी होती, जीभ टाळूले लावून लांब काढायची, ते त्यानं मले शिकवली. नामदेवदादा माह्यापेक्षा मोठा, पण त्याचा पाय लहानपणीच अधू झाला, छकड्यावर उभं राह्यता येत नव्हतं त्याले. म्हणून बैल दादानं पोसाचे अन् म्या हाकलाचे, असं घरात न बोलता ठरूनच होतं.

मी कापसाच्या जिनिंगच्या ट्रकवर क्लीनर होतो, तिथीच गाडी शिकलो, अन् महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे नगरपालिकेनं मले आगीच्या बंबावर डायवर म्हणून घेतलं. बंब म्हणजे काय, जुनी लष्करी गाडी, चढावर ढकला लागे. बायको म्हणे, तुमचा बंब जाईपर्यंत आग आपोआप इझून जाते. खोटं नव्हतं म्हणत. कापसाची आग तं वरून इझते अन् आतून पेटून राह्यते, दोन दोन दिवस पाणी मारत बसा लागते. पण ते जाऊ द्या, मी बैलाईचं सांगून राह्यलो होतो.

बाजूच्या गावात करीमभाई होते. मोठे शौकीन माणूस, आमच्या गावचा पट दरसाल त्याइचीच जोडी मारून नेई. बाप गेल्यापासून आमच्या घरात पट आलाच नाही म्हणा ना. दादाच्या जिवाले ते लय लागे. त्यानं एक जोडी लहानपणापासून वाढवली, पोटच्या पोरासारखी, सोता कमी खाल्लं पण बैलाईले सरकी कमी पडू देल्ली नाही. मले म्हणे, यंदा आपल्या गावचा पट आपल्या घरात आण, मले दुसरं काही नाही पाह्यजे.

अन् त्याच उन्हाळ्यात करीमभाईच्या कोठ्याले आग लागली. कोठा म्हणजे ढोरं बांधाची जागा, बाजूले कडब्याची गंजी. भरदुपार. मी बंब घेऊन गेलो तं करीमभाई दारात उभे, आत दोघाईनं जाऊन दावे कापले होते तरी बैल जागचे हालत नव्हते. आगीत बैल असाच करते, जिथं रोज बांधेल असते तिथंच त्याले भरवसा वाटते, ओढला तं मांगं सरते. पाणी मारायले पोट्टे होते, मी आत शिरलो, शेपट्या धरल्या, अन् काय झालं मलेच समजलं नाही, माह्या तोंडातून बापाची हाळी निघाली. असे सुटले ना ते बैल, मले घेऊन दारातून बाहीर, पार नाल्यापर्यंत. करीमभाई माह्या गळ्यात पडून रडले. घरी येऊन दादाले सांगतलं तं दादा म्हणे, चांगलं केलं, मुकं जनावर हाय. तवा असंच म्हणला तो, मले पक्कं आठवते.

मंग हिवाळ्यात पट भरला. जोड्या लागत लागत शेवटी आमची अन् करीमभाईची, त्याइच्या छकड्यावर त्याइचा पुतण्या. दादा काठी टेकून शेवटच्या खुणेपाशी उभा. सुटलो. म्या हाळी देल्ली अन् आमची जोडी उसळली, पण बाजूले पाह्यतो तं करीमभाईची जोडी तिच्याहून उसळली. त्या बैलाईचे कान माह्याकडं. मी गप झालो. गप झालो तं आमचे बैल ढिले पडले, त्याइले माह्या हाळीबिगर पळणंच ठाऊक नाही, अन् करीमभाईचे दोघंही ढिले पडले. लोकं बोंबलून राह्यले, काऊन गप बसला बे, हाकल! आता सांगा, हाकलू तं कोणाले हाकलू? हाकललं तं चारही बैल पळते, नाही हाकललं तं चारही थांबते. दादाचं तोंड दिसलं अन् म्या परत हाळी देल्ली. मानभर फरकानं करीमभाईची जोडी पुढं गेली.

दादा फक्त इतकंच म्हणला, तुह्या आवाजानं जिंकली ते. त्याच्यानंतर बोलणं बंद. एकाच आंगणात दोन चुली, वहिनीच्या हातून निरोप. बैल त्यानं इकून टाकले. मी पटात पुन्हा उतरलो नाही, बंबच चालवला. पण डोक्यात ते फिरतच राह्यलं. दादासाठी देल्ली मी हाळी, हे खरंच हाय. पण ते कान माह्याकडं वळले ना, तवा मले गोड वाटलं, हेही खोटं नाही. दोन्ही एकाच टायमाले कसं असू शकते, तुम्ही शिकलेले माणसं, तुम्हीच सांगा.

यंदा दिवाळीत दादा आपला आपण माह्या ओट्यावर येऊन बसला. इतक्या वर्साईनं. बायकोनं चाय आणला. दादानं इचारलं, त्या दिवशी दुसऱ्या खेपेले हाळी देल्ली ते कोणासाठी? तुह्यासाठी, एवढाच शब्द पाह्यजे होता अन् झगडा मिटत होता. वर्सभर नाही, किती वर्सं मी तो शब्द तोंडात घोळवला असंल. पण निघालं असं की, मले नाही माहीत, दादा.

दादानं चाय पेला, कपबशी खाली ठेवली.

मले माहीत हाय, म्हणला.

अन् उठला. आता रोज सांजच्याले येते, बसते, पाण्याचं, पिकाचं, लेकराईचं सगळं बोलते. देव त्याले सुखी ठेवो. पण त्याले काय माहीत हाय, ते तो सांगत नाही, अन् इचाराची माही छाती होत नाही.