आईची फिडल

कार्यक्रम संपला आणि फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवत गाणाऱ्या त्या गायकाची सही घ्यायला रांग लागली. माझ्यापुढं दोघी म्हाताऱ्या बहिणी होत्या.

"ताई, त्याच्या फिडलमध्ये काहीतरी खुळखुळत होतं, ऐकलंस?"

"खुळखुळ्या सापाची शेपटी असेल. आवाज चांगला यावा म्हणून आपल्या केंटकीत सगळेच फिडलमध्ये टाकतात."

"आईच्या फिडलमध्येही होती."

"आईची फिडल आईबरोबर पुरलीय, डेसी. मीच तिच्या हातात दिली होती."

"म्हणूनच म्हणते. यानं आधी नाचाची गाणी काढली, मग ब्लूज, मग चर्चची. लोक म्हणतात, काय मिसळतो हा! अगं, आईचं वाजवणंही तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत ह्याच क्रमानं बदलत गेलं."

"काहीतरीच तुझं. सगळेच वाजवतात ती."

"आणि आजचं शेवटचं? ते आईनं आपल्या पाळण्यासाठी रचलेलं. घराबाहेर कुणी ऐकलंय का ते?"

"चल, आपण घरी जाऊ."

"आता? नंबर आलाय की! बाळा, ह्या रेकॉर्डवर आमची नावं लिही हं. माझं नाव..."

"नका सांगू आजी, लिहिलीत मी मघाशीच. तुम्ही दोघी येणार, हे तिनं सांगितलं होतं. आणि ताई, रस्ता ओलांडताना धाकटीचा हात सोडू नको म्हणाली."