चौथी शेपटी

...आणि वर हसतात हो! पन्नाशी उलटलेल्या माणसाचा शर्ट मागून धरायचा, खालचा वीतभर तुकडा, म्हणजे शर्टाची शेपटी, कात्रीनं कचकन कापायचा, त्यावर नाव-साल लिहून शिकारीच्या केबिनच्या भिंतीला ठोकायचा! का? तर ह्याचा हरणावरचा नेम चुकला! तुम्हाला सांगतो, आमच्या पेनसिल्व्हेनियात शिकाऱ्याची लाज अशी भिंतीला टांगतात, आणि त्या भिंतीवर माझ्या शेपट्या तीन! म्हणून यंदा ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, शर्ट कापू द्यायचा नाही!

तर नेमकं यंदाच खांद्याचं ऑपरेशन! डॉक्टर म्हणाला, "रायफल खांद्याला लावायची नाही." झालं! माझा मेहुणा डेलमार लगेच पुढे, "दाजी, तुम्ही बटाटे सोला, मचाणावर माझा जावई बसेल." अरे, ते मचाण माझ्या बापानं बांधलंय! आणि एकदा बटाटे हातात आले की सुटतात का? आमचा ऑर्विल एका वर्षापुरता म्हणून चुलीपाशी बसला, एकोणीस वर्षं झाली, अजून कांदे चिरतोय! मी म्हटलं, "मी बसणार!" तर म्हणतो, "बसा! पण शर्ट कापला गेला, की कायमचे बटाटे!"

रायफल नाही तर नाही, पिस्तूल घेऊ! गेलो कर्मिटच्या दुकानात. सुई मागा, तोफ दाखवेल असा माणूस. "हे घ्या, पंधरा इंची नळी, दोनशे वारांवरून हरीण आडवं!" मी म्हटलं, "ह्याला पिस्तूल म्हणायचं?" तर म्हणे, "मग? खांद्याला लागतंय का कुठे?" वर दुर्बीण... "मोठी घ्या एल्वुडराव, हरणाच्या पापण्या मोजाल!" घेतली. शर्ट कापू द्यायचा नाही ना!

बायको, वर्ना, म्हणाली, "अहो, दोन महिने खांदा शेकतेय मी, सोला की बटाटे!" नाही म्हणजे नाही! उन्हाळाभर वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून दोनशे वारांवर तिचं केकचं भांडं ठेवलं... चाळणी झाली त्याची! भांड्याची हो!

मोसमाचा पहिला दिवस. मचाणावर मी, नजर पार लांब, शेताच्या कडेला... आणि हरीण कुठे? मचाणाखाली! वीस पावलांवर! दुर्बिणीला डोळा लावतो तर काय, नुसतं तपकिरी! खांदा की पोट की ढुंगण, देव जाणे! कडं फिरवून चित्र लहान करतोय, तोवर त्यानं वर बघितलं, उडी मारली, मी घाईघाईनं घोडा ओढला... आणि ओंडक्याची साल उडाली.

संध्याकाळी डेलमार कात्री घेऊन हजर. "चला दाजी, वळा!" वळलो. काय करणार? त्यानं शेपटी धरून ओढली... टिक टिक टिक! कात्री लागायच्या आधीच शेपटी त्याच्या हातात! वर्नानं गुपचूप शेपटीला टिचबटणं लावली होती हो! केबिन डोक्यावर घेतली सगळ्यांनी. डेलमार ओरडतोय, "बटाटे! बटाटे!" आणि चुलीजवळून ऑर्विल, हातात कांदा, डोळ्यांत पाणी, म्हणतो, "कापला कुठे? सुटला तो!" मचाण वाचलं!

पण मला राग आला. घरी येऊन वर्नाला म्हटलं, "माझ्या नेमावर इतकाही विश्वास नाही?" ती म्हणाली, "शर्ट कापू द्यायचा नाही, हे तुम्हीच म्हणत होतात ना?" आणि कपाट उघडलं. तुम्हाला सांगतो, आत त्याच चौकड्यांच्या, टिचबटणांच्या, इस्त्री केलेल्या आणखी तीन शेपट्या! म्हणजे पुढली तीन वर्षं मचाण पक्कं... आणि नेम चुकणंही पक्कं!