कायद्याने मी ठणठणीत

...आणि वर मलाच म्हणतात, "कमळाकर, तू उगाच घाबरतोस!" अहो, डोळ्यांवर पट्टी, घशात जाळ, आणि घाबरू नको? कोण हसलं ते? हसा, मला काय दिसतंय! पण तुम्हाला सांगतो, कायद्याने मी ठणठणीत आहे!

झालं काय, खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात मी मशीनवर असतो. गोरा साहेब देश सोडून गेला, पण जाताना ते मशीन आमच्या दिनानाथशेठच्या गळ्यात मारून गेला. बर्फ गोठवायला त्यात अमोनिया, म्हणजे वायू हो! गेल्या आठवड्यात त्याच्या पाइपाचा जोड फुटला... फुस्स! डोळ्यांत कुणी मिरच्या ठेचाव्यात तसं झालं, मी आपला भिंत चाचपत, पडत-झडत बाहेर! डॉक्टर म्हणाले, "पट्टी सोडल्यावर बघू, दिसतंय का." दिसतंय का, म्हणे! माझी दमयंती पुढ्यात बसलेली, ती मला नुसती बांगड्यांवरून कळत होती. मला भीती वाटते हो... जाम वाटते.

तेवढ्यात शेठ घरी हजर. मला वाटलं, विचारपूस करायला आले. छे! "हे बघ कमळाकर, कायदा असा आहे, वायूनं इजा होऊन कामगार दोन दिवसांच्या वर घरी राहिला की सरकारला कळवावं लागतं. कळवलं की इन्स्पेक्टर येणार, पाइप बघणार, टाळं ठोकणार. तू काम नको करूस रे, नुसता येऊन बस. आलास म्हणजे गैरहजर नाहीस, नि गैरहजर नाहीस म्हणजे तुला काही झालेलंच नाही!"

मागोमाग उरणची भीमाबाई कोळीण, "कमलाकरदादा, टालं लागला तं बर्फाबिगर माजा मावरा कुजंल रं! डोलं काय, येतील आज ना उद्या, मावरा नाय थांबाचा!"

आता बोला! बर्फाच्या हातगाडीवर गोणपाट टाकून नेलं मला. नि स्टूल कुठं मांडलं? त्याच पाइपाशी! जोडाला काय लावलंय म्हणून चाचपलं तर... सुतळी! मशीनवरच्या जोडीदाराला विचारलं, "बळीराम, सूं सूं ऐकू येतंय का रे?" तो म्हणे, "नाय वो, वारा हाय." वारा? चार भिंतींच्या आत? दिवसभर स्टूल घट्ट धरून बसलो, घामानं सदरा भिजला, पण कायद्याने ठणठणीत!

आणि काल दुपारी परत फुस्स! "पला, पला!" सगळे पळाले. मी कुठं पळू? दार कुठल्या बाजूला? ओरडायला तोंड उघडावं तर वायू आत! म्हटलं, संपला कमळाकर... तर बर्फ न्यायला आलेल्या भीमाबाईनं नाकाला पदर लावून मला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं, नि बाहेर येऊन तीच हमसून हमसून रडली, "मीच सांगितला रं तुला बसाला!" तिकडे बळीराम, गणू, आणखी दोघं, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या.

म्हटलं, आता तरी शेठ सरकारला कळवतील, निदान पाइप तरी बदलतील. आज सकाळी गेलो, तर शेठ स्वतः हात धरून न्यायला दारात! "ये कमळाकर, स्टुलं पुरेनात, म्हणून लांबलचक बाकडं आणलंय!"

बसलोय आता ओळीनं, सगळे कायद्याने ठणठणीत. मी त्यांच्यात जुना ना... म्हणून मला दाराकडची जागा दिलीय.